खाडा

मराठी संसारात जे शब्द दररोज तोंडी असतात, आणि म्हणूनच ज्यांच्याकडे कोणी निरखून पाहत नाही, त्यांपैकी 'खाडा' हा एक होय. गवळ्याचा खाडा, वर्तमानपत्र टाकणाऱ्या मुलाचा खाडा, आणि सर्वांत अधिक वेळा मोलकरणीचा खाडा. पूर्वी तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशाच्या रेघेने नोंदला जाई. १९७३ साली 'कालनिर्णय' निघू लागले तेव्हापासून तो तारखांच्या चौकोनांत फुलीच्या रूपाने जाऊन बसला. एकादशी, संकष्टी, प्रदोष आणि बाईचा खाडा ही सर्व एकाच पानावर सुखाने नांदतात. महिनाअखेर घरची कर्ती बाई चष्मा लावून त्या फुल्या मोजते, वजाबाकी करते आणि उरलेली रक्कम मोलकरणीच्या हातावर ठेवते. काम नाही त्या दिवसाचे दाम नाही, हा न्याय इतका सरळ दिसतो की त्याविरुद्ध बोलू जाणाऱ्यासच आपण काही चमत्कारिक बोलत आहो की काय अशी शंका यावी.

या शब्दाचे दुसरे, पुष्कळच कठोर असे रूप आम्हांस बीड जिल्ह्यात पाहावयास मिळाले. त्याविषयी आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

आमची कुलस्वामिनी अंबाजोगाईची योगेश्वरी. कोकणातील घराण्यांची देवी बालाघाटाच्या डोंगरात कशी, हा प्रश्न आमच्या घरातील प्रत्येक पिढीचे एखादे तरी मूल विचारते व प्रत्येक वेळी त्यास निराळे उत्तर मिळते. ते असो. मार्गशीर्षात देवीचा उत्सव असतो, त्या निमित्ताने आम्ही सहकुटुंब तिकडे जातो, आणि जाता-येता केज तालुक्यातील युसूफ वडगाव या गावी आमच्या एका स्नेह्यांकडे दोन दिवस राहतो. हे स्नेही तेथे शिक्षक होते, आता निवृत्त झाले आहेत. परंतु गावातील अडलीनडली माणसे अजून त्यांच्याच ओसरीवर येतात. खरे सांगावयाचे तर ती त्यांच्यासाठी येत नाहीत, वहिनींसाठी येतात. मांजरा नदीवरील धनेगावचे मोठे धरण याच तालुक्यात आहे. तथापि २०१६ च्या उन्हाळ्यात ते कोरडे पडले, तेव्हा त्याच्या पाण्यावर जगणाऱ्या लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे वाचकांस स्मरत असेलच. जेथे धरणाचा ही कथा, तेथे कोरडवाहू शेतीवर वर्षभर पोट भरेल असा भरवसा लहान शेतकऱ्यास नाही. मग ज्यास शेतच नाही त्यास कोठून असावा?

मार्गशीर्षात गेले म्हणजे या बाजूस एक गोष्ट चटकन डोळ्यांत भरते. कित्येक घरांना कुलपे. कुलूप नाही तेथे ओट्यावर एखादी म्हातारी आणि तिच्याभोवती दोन-तीन नातवंडे. धडधाकट माणसे गेलेली. दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून, त्यांत भांडीकुंडी, धान्याची पोती, शेळ्या, कोंबड्या आणि तान्ही मुले घालून बीड जिल्ह्यातून लाखांनी माणसे ऊसतोडीस निघतात: सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, आणि त्याही पलीकडे कर्नाटकात. चैत्राच्या सुमारास पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचे गाळप संपले, की परत येतात. आपल्या चहातली साखर कोठून येते असे घरातल्या मुलांस विचारल्यास ती वाण्याचे नाव सांगतील, फार तर कारखान्याचे सांगतील. वडगावच्या ओट्यावर बसलेल्या त्या म्हातारीच्या सुनेचे नाव कोणी घेणार नाही.

या धंद्यात मजूर एकेकटा मोजला जात नाही. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. एकट्या माणसाचा 'अर्धा कोयता'. मुकादम हंगामापूर्वी कोयत्यामागे उचल देतो. ती पावसाळ्यात घर सारवण्यात, आजारपणात, मुलीच्या लग्नात खर्च होऊन गेलेली असते; मग सहा महिने टनावारी मजुरीतून ती फेडावयाची. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ करण्याचा करार झाला व टनाचा दर साडेतीनशे रुपयांच्या वर गेला. तो दोघांचा मिळून आहे हे ध्यानात ठेवावे. पहाटे तीन-चारला उठून बाईने कोपीपुढे चूल पेटवावयाची, भाकरी थापावयाच्या, पाणी आणावयाचे, आणि उजाडण्यापूर्वी फडात हजर व्हावयाचे. ऊस तोडणे, पाचट काढणे, मोळ्या बांधणे, आणि तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन टेकू लावलेल्या फळीवरून ट्रकमध्ये चढवणे, ही सर्व कामे ती करते. गाडी रात्री आली तर रात्री भरावयाची. आणि एक दिवस जरी काम चुकले तरी तो खाडा. येथील खाडा आपल्या घरच्यासारखा नव्हे. आपल्याकडे फार तर त्या दिवसाचे पैसे मिळत नाहीत. येथे त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर दंड म्हणून पाचशे रुपये, कोठे कोठे त्याहूनही अधिक, उचलीच्या आकड्यात चढतात. आजारी पडणे हे या मंडळींच्या हिशेबात कर्ज काढण्यासारखे आहे.

एका वर्षी आमचे जाणे मार्गशीर्षात न होता चैत्रात झाले. फडावरून माणसे नुकतीच परतली होती. दुपारी वहिनींकडे एक बाई आली. वय तिसाच्या आसपास असावे. परंतु हात पाहिले तर पन्नाशीचे वाटावे असे, उसाच्या पात्याने चिरलेले. ती ओसरीच्या कडेस टेकली आणि पाणी पिऊन म्हणाली, "काकू, समदा हिशेब झाला. सात खाडे पडले. साडेतीन हजार गेले. समदे माझ्याच पायी."

"बरं नव्हतं का गं तुला?" वहिनींनी विचारले.

यावर तिने आमच्याकडे एकदा पाहिले आणि ती उठून आत गेली. पुढचे बोलणे स्वयंपाकघरात झाले व ते आम्हांस रात्री आमच्या घरच्या मंडळींकडून कळले. दर महिन्यास पाळीच्या दिवसांत कंबर उचलत नव्हती. अंगावरून पांढरे जात होते. फडात ना आडोसा ना पाणी, दिवस दिवस एकाच कपड्यावर काढावे लागत. सात खाडे त्यातून पडले होते. ती वहिनींस विचारावयास आली होती ती एवढेच, की पिशवी काढून टाकावी का? तिच्या दोन्ही जावांनी काढली होती. एका खासगी दवाखान्यात तिला सांगितले होते की नाही काढली तर पुढे कॅन्सर होईल. तीन मुले झालेली, आता पिशवीचे काम तरी काय, असे तिचे म्हणणे. "येकदाचं मोकळं व्हावं म्हंते, काकू. म्हंजी खाडा नाही."

गर्भाशय काढणे हा खाडा टाळण्याचा उपाय होऊ शकतो, हे वाक्य आम्ही पूर्वी वर्तमानपत्रांत वाचले होते. ते कोणाच्या तरी स्वयंपाकघरात, कांदे निवडता निवडता बोलले जाते, ही गोष्ट निराळी. २०१९ साली या विषयास वाचा फुटली, तेव्हा शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, आणि त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले: दर सहा बायकांमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वर्षे वयाच्या महाराष्ट्रातील स्त्रियांत हेच प्रमाण शंभरांत तिघींपेक्षाही कमी होते. ज्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या त्या साऱ्या अनावश्यक होत्या असे कोणी म्हणणार नाही. काहींना खरोखरीच दुखणी होती. परंतु ते दुखणे औषधाने बरे होण्याजोगे असतानाच कोणी पाहिले असते तर? कमी वयात लग्न, लागोपाठ बाळंतपणे, अस्वच्छ पाणी, आडोशाचा अभाव, डोक्यावरचे ओझे, आणि या सर्वांवर विश्रांतीस लावलेला दंड. एवढ्या वाटा ज्या ठिकाणी येऊन मिळतात तेथे शस्त्रक्रियेची खोली उभी असते. आणि त्यातली क्रूर गोष्ट ही, की शस्त्रक्रियेचा खर्च भागवण्यास पुष्कळदा नवीन उचल घ्यावी लागते, ती फेडण्यास टाके सुकण्यापूर्वीच फडात उतरावे लागते, आणि अकाली पाळी गेलेल्या देहाची हाडे व सांधे पुढे कुरकुरू लागले म्हणजे खाडा पडावयाचा तो पडतोच.

हल्ली सुशिक्षित मंडळींत एक उपदेश पुष्कळ ऐकू येतो: 'स्वतःची काळजी घ्या.' डॉक्टर सांगतात, व्याख्याते सांगतात, सणावारी शुभेच्छा देणारेही सांगतात. उपदेश वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या बाईस पाठ टेकण्याचा दंड पाचशे रुपये पडतो तिला तो ऐकवणे म्हणजे उपाशी माणसास सावकाश चावून खाण्याचे महत्त्व सांगण्यासारखे होय. तिला काळजी घेण्याची अक्कल नाही असे नव्हे. तिची विश्रांती महाग आहे, आणि ती किंमत भरावयाची कोणी हा प्रश्न कोणी विचारत नाही. आमच्या मते तो सर्व प्रश्नांच्या आधी विचारावयास हवा. ज्याला श्रमाचा लाभ होतो त्याने त्या श्रमाच्या विसाव्याचाही खर्च सोसावा. कामाचे पैसे दिले म्हणजे हात झटकता येत नाहीत.

हा विचार आमचा स्वतःचा म्हणता येणार नाही. तो आमच्या आजीचा आहे. तिच्या पिढीतील स्त्रिया महिन्याचे चार दिवस बाजूला बसत. त्या रूढीने स्त्रीच्या देहास विटाळ ठरवले, तिला आपल्याच घरात परकी केले, व ती रूढी गेली हे फार बरे झाले याविषयी आमच्या मनात संदेह नाही. परंतु चौदा-पंधरा माणसांचा स्वयंपाक दोन्ही वेळा एका चुलीवर रांधणाऱ्या आजीला कोणी त्याबद्दल विचारले तर ती म्हणे, "विटाळ गेला तो जाऊ दे, पण जन्मात पाठ टेकली ती त्या चार दिवसांतच." हे वाक्य पुष्कळ घरांतील वृद्ध स्त्रियांच्या तोंडून वाचकांनीही ऐकले असेल. आजी त्यापुढे मात्र एक पाऊल गेली. १९६० च्या पुढेमागे केव्हातरी तिने घरात रीत घालून दिली, की धुणेभांडी करणाऱ्या बाईस महिन्याचे चार दिवस सुटी आणि त्या दिवसांचा खाडा धरावयाचा नाही. आमच्या काकूंनी कुरकुर केली की अशाने बाई लाडावेल. आजी म्हणाली, "लाडावू दे; मला नाही का देवाने दिले होते?"

पुढे जे झाले ते अधिक बोधप्रद आहे. पहिल्याच महिन्यात सुटीच्या दिवशी ती बाई दारात उभी! आजीने कारण विचारले. बाईने वाड्यात आणि शेजारी मिळून चार घरची कामे धरली होती. एका घरी सुटी मिळाली म्हणून उरलेल्या तीन घरची भांडी थोडीच थांबतात? तेथे यावयाचेच होते, तर येथलीही उरकून जावी असे तिने ठरवले. एका घरची दया तिच्या काही कामाची नव्हती. मग आजी पदर खोचून त्या तिन्ही घरी गेली. दोघींनी मान्य केले. तिसरीने केले नाही, आणि त्यावरून दोन्ही घरांत पुढे वर्षभर हळदीकुंकवाचे जाणेयेणे बंद होते.

विसावा सर्वांनी मिळून दिला तरच तो विसावा होतो, ही गोष्ट मुंबईच्या गिरणी-कामगारांस फार पूर्वी उमगली होती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी-कामगारांची संघटना उभारली आणि आठवड्यास एक दिवस सुटी मिळावी म्हणून अनेक वर्षे झगडा केला. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. ती सर्व गिरण्यांस एकाच वारी मिळाली, यातच तिचे बळ होते. कोणी एकाने घरी राहावे आणि दुसऱ्याने त्याची जागा पटकवावी असे झाले नाही. आज आपण रविवारी उशिरा उठतो, त्याचे थोडेसे ऋण या गृहस्थाचे आहे. त्या गोष्टीस आता सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली. परंतु तो रविवार अजून उसाच्या फडापर्यंत पोहोचलेला नाही. कारखान्याच्या आत यंत्रावर उभ्या असणाऱ्या कामगारास साप्ताहिक सुटी आहे. त्याच यंत्राच्या तोंडात ऊस घालणाऱ्या बाईस ती नाही. कारण कागदोपत्री ती कारखान्याची कोणीच नव्हे, ती मुकादमाकडून उचल घेतलेला अर्धा कोयता. आणि ज्या मराठवाड्यात पोळ्याच्या आदल्या सायंकाळी बैलाच्या खांद्यास तूप-हळद चोळून खांदेमळणी करतात, दुसऱ्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवीत नाहीत, त्याच मराठवाड्यातून ही माणसे जातात! बैलाचा सण आहे हे चांगलेच आहे. त्या हळदीची वाटी घेऊन बसणारी बाईच पुढे दोन महिन्यांनी चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेते, एवढेच आमचे म्हणणे.

कृतज्ञता आपल्यापाशी नाही असे मात्र नव्हे. २२ मार्च २०२० रोजी सायंकाळी पाच वाजता साऱ्या देशाने गॅलरीत, अंगणात, गच्चीवर उभे राहून टाळ्या आणि थाळ्या वाजवल्या. आमच्या घरी तर देव्हाऱ्यातली घंटाही बाहेर आली. ज्यांच्यावाचून समाज एक दिवस चालत नाही अशा माणसांचे ते अभिवादन होते, व ते मनापासून होते. दोन दिवसांनी टाळेबंदी जाहीर झाली. जे धंदे अत्यावश्यक म्हणून चालू राहिले त्यांत साखर कारखाने होते. त्यामुळे आपण दारे लावून घरात बसलो असता ऊसतोडीची माणसे फडातच होती. कोप्या एकमेकींस खेटून, पाणी लांब, हात धुण्याचा उपदेश रेडिओवर. गाळप जसजसे संपत गेले तसतसा त्यांस घरी जाण्याचा मार्ग उरला नाही, कारण जिल्ह्यांच्या सीमा बंद. अखेर १७ एप्रिल रोजी राज्य शासनाने आदेश काढला व ३८ कारखान्यांच्या परिसरात अडकलेल्या सुमारे १ लाख ३१ हजार मजुरांस तपासणी करून गावी जाऊ देण्याची व्यवस्था झाली. आपल्या टाळ्या त्यांच्यापर्यंत ऐकू गेल्या असतील असे वाटत नाही; ज्या वेळी त्या वाजल्या ती वेळ गाडी भरण्याची.

ही माणसे गावात शिरली तेव्हा त्यांच्या दाराशी पहिली कोण गेली असेल, तर आशाताई. 'आशा' ही योजना २००५ पासूनची. हजार वस्तीमागे एक, गावातलीच सून, थोडी शिकलेली. गरोदर बाईस दवाखान्यात नेणे, मुलांस लस टोचवून घेणे, क्षयरोग्याने गोळी घेतली की नाही हे पाहणे, ही तिची नित्याची कामे. तिचे पद 'स्वयंसेविका'. शब्द मोठा गोड आहे. त्याचा व्यावहारिक अर्थ असा, की तिला पगार नाही, कामागणिक मोबदला आहे. २०२० च्या सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम निघाली तेव्हा याच बाया तापमापक आणि ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरल्या. महासाथीच्या या कामाबद्दल केंद्राकडून त्यांस महिन्यास हजार रुपये अधिक मिळत, म्हणजे दिवसास तेहतीस. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा सन्मान केला, तो यथार्थच होता. त्याच्या मागेपुढे, २०२१ आणि २०२३ साली, महाराष्ट्रातील आशांना मोबदल्यासाठी संप करावा लागला, हेही त्या सन्मानाशेजारी लिहून ठेवावयास हवे. पुढे २०२४ च्या मार्चमध्ये राज्याने त्यांच्या मोबदल्यात पाच हजारांची वाढ केली.

वडगावच्या आशाताई वहिनींकडे रोजच्या येणाऱ्या. महासाथीच्या दिवसांत गावातले काही लोक त्यांना दारात उभे करीत नसत. ही बाई रोग घेऊन येते, असे त्यांचे म्हणणे. वहिनींनी मात्र एक नेम केला. फेरी संपवून आशाताई परतत त्या वेळी त्या ओट्यावर पाण्याचा हंडा, साबण आणि झाकून ठेवलेला चहा मांडून ठेवीत, आणि त्यांच्याच पिशवीतला ऑक्सिमीटर काढून आधी त्यांच्या बोटास लावीत. "दिसाकाठी साठ-सत्तर बोटांना लावते म्या, काकू," त्या एकदा म्हणाल्या, "माझ्या बोटाचं ध्यानच ऱ्हात नाही." दुसऱ्याची काळजी घेण्याचे ज्यांचे काम, त्यांना आपला देह हा कामाच्या यादीत शेवटचा वाटतो, किंबहुना यादीबाहेरचाच वाटतो. त्यांस स्मरण देण्यास कोणी तरी लागते, आणि स्मरण देणाऱ्याच्या हातात नुसता उपदेश न असता चहाचा पेला असला म्हणजे ते लौकर पटते.

आता त्या चैत्रातल्या बाईचे काय झाले ते सांगतो. वहिनींनी तिला हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. त्यांनी एवढेच विचारले, "तुला तपासलं कुणी? हात लावून, रक्त काढून?" कोणी तपासले नव्हते, सोनोग्राफीच्या एका कागदावरून निकाल झाला होता. त्याच संध्याकाळी आशाताईंस बोलावणे गेले. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, आणि अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे शासकीय ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे मोठे रुग्णालय आहे. आजूबाजूचे खेडूत मोठ्या दुखण्यास तिकडेच जातात. आशाताई म्हणाल्या, एकीला नेण्यापेक्षा फडावरून आलेल्या आणखीही पाच-सहा जणी आहेत, त्यांचीही हीच तक्रार. साऱ्यांना घेऊन एकदमच जाऊ. बाई मात्र कचरत होती. दिवस मोडेल, गावातली भांगलणीची मजुरी बुडेल. तेव्हा आमच्या घरच्या मंडळींनी, आम्हांस काही एक न विचारता, सहाही जणींच्या त्या दिवसाच्या मजुरीचे पैसे आशाताईंच्या हाती दिले. कुलस्वामिनीच्या ओटीसाठी म्हणून वेगळी काढून ठेवलेली ती रक्कम होती. देवीस आम्ही त्या खेपेस नारळ आणि खण वाहिला, आणि देवी रागावल्याचे काही कळले नाही.

निघण्याच्या दिवशी सकाळी ओसरीवर नावांची यादी झाली. सहा नावे लिहून आशाताईंनी वही मिटली, तशी वहिनींनी ती पुन्हा उघडली आणि म्हणाल्या, "सातवं लिहा."

"सातवं कुणाचं?"

"तुमचं. तुम्ही तरी कधी रक्त तपासून घेतलंय?"

आशाताई हसल्या, मग पुष्कळ आढेवेढे घेतले, मग नाव लिहिले. आम्ही परतीच्या वाटेस लागलो असल्याने पुढचे स्नेह्यांच्या पत्रातून कळले. सहांपैकी चौघींस जंतुसंसर्ग निघाला. औषधांनी बरा होईल, पिशवी काढण्याचे कारण नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. एकीची गाठ निघाली व तिची शस्त्रक्रिया खरोखरीच करावी लागली. सहावीस पुन्हा बोलावले होते. ओसरीवर सात खाड्यांचा हिशेब सांगणारी ती बाई त्या चौघींपैकी. औषधे घेतली, उतार पडला. पुढल्या दसऱ्यास ती पुन्हा फडावर गेली, कारण उचल फिटली नव्हती. जाताना वहिनींनी तिला स्वच्छ सुती कापडाच्या घड्यांचे एक गाठोडे आणि झाकणाचा एक डबा दिला. २०२२ साली पुण्यात गोपीनाथराव मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाचे कार्यालय सुरू झाले आहे, आणि त्यासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यावयाचे आहेत. त्या दहा रुपयांतून फडाशेजारी एक आडोसा, पाण्याची एक टाकी आणि महिन्यास दोन दिवस बिनखाड्याचे निघावेत, अशी आमची अपेक्षा आहे. साखर त्याने महाग होणार असेल तर होऊ द्यावी. आपल्या घरी ती तशीही डॉक्टरांनी कमीच करावयास सांगितली आहे.

आणि आशाताई? त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन सातांच्या जरा वर निघाले. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि खालच्या औषधालयातून घेऊन जा म्हणून सांगितले. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि खांद्यावरची पिशवी उघडून दाखवली. गावातल्या गरोदर बायकांना वाटण्यासाठी आणलेली त्याच गोळ्यांची दोन पाकिटे आदल्या दिवसापासून तीतच होती.